खालच्या श्रेणीतील फुटबॉल लीगचा पहिला हंगाम : संघबांधणी आणि आखणी

प्रश्न असा आहे : जालना जिल्ह्यातील एका फुटबॉल क्लबला यंदा प्रथमच प्रादेशिक लीगच्या खालच्या श्रेणीत प्रवेश मिळाला आहे. एकूण ८ संघ आहेत, दुहेरी फेरी आहे, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला १४ सामने येतात. हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत चालणार आहे. पहिले दोन संघ वरच्या श्रेणीत जातील आणि तळाच्या संघाला पुढच्या वर्षी पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागेल. क्लबच्या सचिवांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : संघात किती खेळाडू घ्यावेत, हंगामाची आखणी कशी करावी, आणि शहरातून मानधन देऊन दोन-तीन खेळाडू आणावेत का. मराठवाड्यात खेळाडू, मग प्रशिक्षक आणि पुढे आयोजक म्हणून माझी बरीच वर्षे याच पातळीच्या फुटबॉलमध्ये गेली असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

या पातळीवर हंगामाचा निकाल डावपेचांपेक्षा हजेरीवर ठरतो, असे माझे ठाम मत आहे. गुणतक्त्यात जे अंतर दिसते त्यामागे बहुतेक वेळा एवढेच असते की एका संघाचे तेच पंधरा-सोळा जण नोव्हेंबरातही मैदानावर होते आणि मार्चमध्येही होते, तर दुसऱ्या संघाने सुरुवातीला देखणा खेळ केला आणि फेब्रुवारीत अकरा जण जमवताना त्याच्या नाकी नऊ आले. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी याच अंगाने देतो.

आखणीची सुरुवात लीगच्या वेळापत्रकापासून न करता आपल्या भागाच्या वर्षापासून करावी. हंगाम सुरू होतो तेव्हा सोयाबीनची काढणी आटोपलेली असते. पण कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी चालू असते, आणि खेड्यातून येणारा खेळाडू कितीही हौशी असला तरी घरची वेचणी टाकून दर रविवारी निघू शकत नाही. बीड जिल्ह्यातून आणि लगतच्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात जातात ती गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. अशा घरातला मुलगा संघात असेल तर तो हंगामभर मिळेल असे धरून चालणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि सख्ख्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या दिवशी सामना आहे म्हणून कोणी मैदानावर येणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात विद्यापीठाच्या सत्र परीक्षा येतात, फेब्रुवारीत बारावी आणि तिच्या पाठोपाठ दहावी. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. सध्याची काही वर्षे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमका परतीच्या फेरीत येतो. आपल्याकडच्या अनेक संघांचा निम्मा कणा रोजे धरणाऱ्या मुलांचा असतो, तेव्हा त्या काळातील सामने शक्य असल्यास सकाळी लवकर ठेवण्याची विनंती लीग समितीला वेळापत्रक निघण्यापूर्वीच लेखी करावी. वेळापत्रक निघाल्यावर केलेल्या विनंतीला फारसा अर्थ उरत नाही.

पोलीस भरतीचा उल्लेख वेगळा करतो, कारण बाहेरच्या माणसाला तिचे वजन कळत नाही. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांची तयारी करणारा मुलगा हा बहुधा तुमचा सर्वांत तंदुरुस्त विंगर (कडेने धावणारा) किंवा हाफ (मधल्या फळीतला) असतो. भरतीची तारीख जाहीर झाली की त्याच्या घरचे त्याला सामना खेळू देत नाहीत, कारण घोटा मुरगळला तर वर्ष वाया जाते. त्यांचे चूक नाही. अशा खेळाडूला संघात जरूर घ्यावे, पण त्याच्या जागेसाठी दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून तयार ठेवावा.

हे सगळे लक्षात घेऊन एक साधा तक्ता करावा. एका मोठ्या कागदावर आडव्या ओळीत १४ सामन्यांच्या तारखा आणि उभ्या ओळीत खेळाडूंची नावे लिहावीत, आणि प्रत्येकाला समोर बसवून, शक्य असेल तेथे त्याच्या वडिलांशी किंवा मोठ्या भावाशी बोलून, कोणत्या तारखा जमणार नाहीत ते विचारावे. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये हे विचारू नये. तेथे सगळे अंगठा दाखवतात आणि शनिवारी रात्री फोन बंद असतो. तक्ता भरला की दोन-तीन रविवार असे निघतात जेथे निम्मा संघ गायब आहे. ते रविवार नोव्हेंबरातच माहीत असणे आणि फेब्रुवारीत अचानक समोर येणे, यात एखाद्या वॉकओव्हरचा, म्हणजे संघ न गेल्याने समोरच्याला आयत्या मिळणाऱ्या विजयाचा, फरक पडू शकतो.

आता संख्येचा हिशेब. एक खेळाडू चारपैकी तीन सामन्यांना मिळतो असे धरले, आणि आपल्याकडे हा अंदाज उदारच म्हणावा लागेल, तर १८ जणांच्या संघातून सरासरी तेरा-चौदा जण मैदानावर येतात. सरासरी याचा अर्थ काही रविवारी अकराच येतील आणि एखाद्या रविवारी नऊ. २२ जण नोंदवले तर सरासरी सोळाच्या वर जाते आणि वाईट दिवशीही संघ उभा राहतो. म्हणून २२ ते २४ ही संख्या मी सुचवतो. त्याहून जास्त घेतल्यास बाकावर बसणारे कंटाळतात आणि सरावाला येणे सोडतात, मग संख्या कागदावरच राहते. या २२ मध्ये गोलकीपर तीन असावेत, दोन नव्हेत. तिसरा एखादा बॅक असला तरी चालेल, पण त्याने आठवड्यातून एकदा तरी हातमोजे घालून सराव केलेला असावा. स्टॉपरच्या, म्हणजे गोलासमोरच्या मधल्या बचावपटूच्या, जागेसाठी चार माणसे हवीत. फॉरवर्ड आपोआप मिळतात, प्रत्येकालाच फॉरवर्ड खेळायचे असते.

नोंदणीच्या कामात ढिलाई करू नये. खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, ज्याला सगळे सीआरएस म्हणतात, करावी लागत असेल तर आधार, जन्माचा दाखला आणि फोटो यांवरील नाव अक्षरशः एकच आहे ना ते तपासावे. आपल्याकडे दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे आणि वडिलांच्या नावाचे तिसरेच स्पेलिंग असे सर्रास असते, आणि ते दुरुस्त होईपर्यंत दोन-तीन सामने निघून जातात. नोंदणी नसलेला किंवा दुसऱ्या क्लबकडे नोंद असलेला खेळाडू उतरवला आणि प्रतिस्पर्ध्याने मुदतीत लेखी हरकत घेतली तर जिंकलेला सामना हातचा जातो. लीगची नियमावली सचिवाने, प्रशिक्षकाने आणि कर्णधाराने, तिघांनीही स्वतः वाचावी. त्यात विशेषकरून पुढील गोष्टी शोधाव्यात : हरकत किती वेळात आणि किती शुल्कासह घ्यायची, किती पिवळ्या कार्डांनंतर एका सामन्याची बंदी येते, बदली खेळाडू किती, उशीर झाल्यास किती मिनिटे वाट पाहतात, आणि गुण सारखे झाल्यास आधी गोलफरक पाहतात की परस्परांतील निकाल. शेवटच्या मुद्द्यावर मार्चमधले तुमचे डावपेच अवलंबून राहणार आहेत.

गुणांचे गणित हंगामापूर्वी एकदा संपूर्ण संघासमोर फळ्यावर मांडावे. ८ संघांच्या दुहेरी फेरीत एकूण ५६ सामने होतात. विजयाला ३ आणि बरोबरीला प्रत्येकी १ गुण या पद्धतीत, साधारण एक चतुर्थांश सामने बरोबरीत सुटले असे धरले, तर सगळ्या संघांत मिळून १५४ गुण वाटले जातात, म्हणजे एका संघाला सरासरी १९ च्या आसपास. वर जायचे असेल तर सामन्यामागे दोन गुण, म्हणजे २८, हे उद्दिष्ट ठेवावे लागते. पहिल्या वर्षी ते डोक्यात न आणलेले बरे. तुमचे काम सतरा-अठरा गुणांपर्यंत पोहोचण्याचे आहे, आणि ते पाच विजय आणि दोन-तीन बरोबरींतून होते. म्हणजे ५ सामने जिंकून सहा-सात हरले तरी चालते. हे मुलांना आधी सांगितले नाही तर दुसऱ्या पराभवानंतर बसमध्ये भांडणे सुरू होतात. तीन बरोबरी आणि एक विजय यांचे गुण सारखेच, तेव्हा तुल्यबळ संघाविरुद्ध ७५ व्या मिनिटाला १-१ असताना मागे सरकून बसण्यात फायदा नाही. मात्र अव्वल संघाच्या मैदानावर तोच १-१ मिटवून घेण्यात शहाणपण आहे.

ते पाच विजय कोणाविरुद्ध मिळवायचे हेही ठरवावे लागते. पहिल्या चार सामन्यांत कोणता संघ कोठे उभा आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर तुमच्या खालच्या आणि तुमच्या बरोबरीच्या तीन संघांविरुद्धचे सामने तक्त्यावर लाल पेनाने गोल करावेत, आणि त्या तारखांना पूर्ण संघ असेल यासाठी इतर तारखांना ढील द्यावी. अव्वल संघाच्या घरी जाताना तुमचा मुख्य स्टॉपर लग्नाला गेला तर चालेल. सातव्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध तो हवाच. कार्डांचेही तसेच आहे. बंदीच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूला महत्त्वाच्या सामन्याच्या आधीच्या रविवारी विश्रांती द्यावी.

मैदानाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण मराठवाड्यातल्या खेळाचा निम्मा स्वभाव मैदान ठरवते. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा येथील विभागीय क्रीडा संकुलासारखी ठिकाणे सोडली तर आपल्या वाट्याला शाळा-महाविद्यालयांची मुरमाची मैदाने येतात, नाही तर काळ्या मातीचे सपाट केलेले रान. काळी माती ओली असताना बुटाला लगदा चिकटतो आणि वाळली की तिला भेगा पडतात. भेगेत बूट अडकून मुरगळलेला घोटा महिना-दीड महिना घेतो. मुरमावर वेगळीच अडचण असते. उंच आलेला चेंडू टप्पा घेऊन स्टॉपरच्या डोक्यावरून निघून जातो आणि मागे धावणाऱ्या फॉरवर्डला आयता मिळतो. या पातळीवरचे बरेचसे गोल असेच होतात. म्हणून स्टॉपरला एकच गोष्ट घोटून शिकवावी : चेंडू टप्पा पडण्यापूर्वी खेळायचा, मग तो डोक्याने बाहेर गेला तरी हरकत नाही. थ्रो-इन दिलेला परवडतो, टप्पा परवडत नाही. दुसरा स्टॉपर अशा वेळी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत नाही, तो चार-पाच पावले मागे आणि आत राहतो.

चेंडूच्या हवेकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. नियमानुसार पाच नंबरच्या चेंडूचा दाब ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे पंपावरच्या काट्यात साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय असावा लागतो. आपल्याकडे अंगठ्याने दाबून पाहतात आणि दगडासारखा लागला की समाधान मानतात. कठीण मैदानावर दाब खालच्या मर्यादेजवळ, नऊच्या आसपास ठेवला तर टप्पा आटोक्यात राहतो, पास पायाशी थांबतो आणि डोक्याने खेळणाऱ्या मुलांना त्रासही कमी होतो. घरच्या सामन्यात चेंडू तुम्ही देणार असाल तर काट्याचा पंप विकत घ्यावा आणि रेफ्रीसमोर मोजून द्यावा. बुटांच्या बाबतीत, धातूच्या टोकांचे स्टड मुरमावर घसरतात. आखूड आणि पुष्कळ रबरी स्टडचे टर्फचे बूट किंवा साचेबंद स्टडचे बूट घ्यायला सांगावे. घरच्या मैदानावर आदल्या संध्याकाळी दोन्ही पेनल्टी एरियांत पाणी मारून रोलर फिरवला तर गोलकीपरच्या कमरेची सालटी वाचतात. अर्थात जेथे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या मुलखात मैदानावर टँकर ओतणे लोकांच्या डोळ्यांत येते. तेव्हा पिण्याचे नव्हे, बोअरचे वापराचे पाणी घ्यावे आणि टंचाईच्या दिवसांत तेही थांबवावे.

फक्कीने मैदान आखताना कोपरा काटकोनात आला नाही की सगळे मैदान तिरपे होते आणि लाइनमनला ऑफसाइडची रेषाच दिसत नाही. त्यासाठी सुतळी पुरते. बाजूच्या रेषेवर कोपऱ्यापासून ४ मीटरवर खुंटी ठोकावी, गोलरेषेवर बरोबर ३ मीटरवर दुसरी, आणि दोन्ही खुंट्यांमधले अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत गोलरेषेची सुतळी सरकवावी. मग गोलपोस्टच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर मोजून पेनल्टी एरिया, ५.५ मीटर मोजून गोल एरिया, गोलरेषेच्या मध्यापासून ११ मीटरवर पेनल्टीचा ठिपका आणि मैदानाच्या मध्यबिंदूपासून ९.१५ मीटरचे वर्तुळ. हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट असतील तर ते मागून खुंट्यांनी किंवा वाळूच्या पोत्यांनी बांधल्याशिवाय सराव सुद्धा सुरू करू नये. पोस्ट अंगावर पडून लहान मुले दगावल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत.

नाणेफेकीचा उपयोग कर्णधारांना शिकवावा लागतो. २०१९ पासून नाणेफेक जिंकणाऱ्याला बाजू किंवा किक-ऑफ यांपैकी एक निवडता येते. आपले सामने हिवाळ्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरू होतात आणि डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे उत्तरार्धात ऊन अगदी तिरपे येते. मैदान पूर्व-पश्चिम असेल, आणि जागेअभावी पुष्कळ ठिकाणी ते तसेच असते, तर पूर्वार्धात पश्चिमेच्या गोलावर चढाई करण्याची बाजू घ्यावी. तेव्हा सूर्य अजून वर असतो; उत्तरार्धात तुमचा गोलकीपर पश्चिमेच्या गोलात, सूर्य पाठीशी घेऊन उभा राहतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर ऊन येते. कॉर्नर आणि लांब फ्री किक यांवर याचा फरक स्पष्ट दिसतो.

सरावाबद्दल फार लिहीत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ पुरतात, पण त्या दोन्ही ठरलेल्या वेळी व्हायला हव्यात, कोणी कितीही कमी आले तरी. सुरुवातीची २० मिनिटे फिफाच्या ‘११ प्लस’ या तयारीच्या व्यायामांना द्यावीत. नियमित केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी होतात हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे, आणि त्याला साहित्यही लागत नाही. शेवटची २० मिनिटे कॉर्नर, लांब थ्रो आणि फ्री किक यांसाठी राखून ठेवावीत, कारण खडबडीत मैदानावर आठ-दहा पासची चाल क्वचितच पूर्ण होते, पण चांगला कॉर्नर कोणत्याही मैदानावर चांगलाच पडतो. रचना ४-४-२ (चार बॅक, चार हाफ, दोन फॉरवर्ड) ठेवावी. बाकी प्रयोग दुसऱ्या वर्षी करता येतील.

फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचे ऊन चटके देऊ लागते, आणि मार्चमध्ये एक वाजताचा सामना म्हणजे खेळाडूंची परीक्षाच असते. स्पर्धेच्या नियमांत तरतूद असेल तर रेफ्रीला पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंतचा, किंवा शरीर थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा विराम देता येतो. सामन्यापूर्वी कर्णधाराने नम्रपणे विचारून ठेवावे. सामन्याच्या तीन तास आधी पोहे, केळी, भाकरी असे साधे खाणे व्हावे. वाटेत हॉटेलवर थांबून तर्रीबरोबर भजी खाल्लेला संघ मी तासाभरानंतर पोटावर हात धरून उभा राहिलेला पुष्कळदा पाहिला आहे.

रेफ्रींविषयी एक-दोन गोष्टी. आपल्या लीगमधले रेफ्री बहुधा शिक्षक किंवा नोकरदार असतात आणि वर्षभर तेच तेच चेहरे भेटतात. नोव्हेंबरात ज्याच्याशी हुज्जत घातली त्याच्याच हातात मार्चमध्ये तुमचा निर्णायक सामना असतो. रेफ्रीशी फक्त कर्णधाराने बोलावे, ही पद्धत आता आंतरराष्ट्रीय नियममंडळानेही पुढे आणली आहे. तुमच्या लीगने ती स्वीकारलेली असो वा नसो, तुम्ही ती स्वतःहून पाळावी. शिवाय १ जुलै २०२५ पासून नियमांत असा बदल झाला आहे की गोलकीपरने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटची ५ सेकंदे रेफ्री हात उंचावून मोजतो. आघाडी घेतल्यावर चेंडू पोटाशी धरून पडून राहणाऱ्या गोलकीपरांना ही सवय मोडावी लागेल. लाल कार्डांबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की संघात ७ पेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालू राहत नाही. नऊ जण घेऊन दूरच्या गावी गेलेल्या संघाला दोन दुखापती आणि एक लाल कार्ड एवढे पुरते.

परतीची फेरी जानेवारीच्या शेवटी सुरू होईल तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी तुम्हाला ओळखलेले असेल. तुमचा वेगवान विंगर कोणत्या पायाने कापतो, तुमचा कोणता बॅक लवकर चिडतो, हे सगळे त्यांना ठाऊक असते. या काळात खेळात फार बदल करण्याऐवजी दोन खेळाडूंच्या जागा बदलून पाहाव्यात. याच सुमारास लीगमधला एखादा संघ ढेपाळतो आणि वॉकओव्हर देऊ लागतो. अशा संघाविरुद्धचा सामना तुम्ही आधीच खेळून हरलेला असाल आणि इतरांना मात्र फुकटचे ३ गुण आणि बहुतेक नियमावल्यांप्रमाणे ३-० असा गोलफरक मिळत असेल, तर चिडचिड होणे स्वाभाविक आहे. संघ मध्येच माघार घेतो तेव्हा त्याचे सगळे निकाल रद्द होतात की उरलेल्या सामन्यांचेच गुण वाटले जातात, हेही नियमावलीत पाहून ठेवावे. तळाच्या तीन संघांचे नशीब पुष्कळदा त्या एका कलमावर फिरते. स्वतः मात्र वॉकओव्हर कधीही देऊ नये. एक तर ३-० चा फटका गोलफरकाला बसतो, आणि एकदा न गेलेला संघ पुढच्या रविवारी आणखी तीन जण गमावतो.

खर्चात सर्वांत मोठा वाटा प्रवासाचा असतो. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटरच्या आसपास आहे, तेथे एसटीने किंवा रेल्वेने जाता येते. परभणी-नांदेड रेल्वेमार्गावर असल्याने गाडीच्या वेळा जमल्यास तेही स्वस्तात होते. लातूर, बीड, धाराशिवसाठी मात्र वाहन करावे लागते. एका क्रूझरमध्ये किटसह बारा-तेरा जण बसतात, आणि येथेच पुष्कळ क्लब फसतात : गाडीत जेवढे मावतात तेवढाच संघ, असे होऊन बसते आणि राखीव खेळाडू घरी राहतात. सात बाहेरच्या सामन्यांच्या प्रवासाचा खर्च हंगामापूर्वीच वेगळा काढून ठेवावा, वर्गणी त्यासाठीच जमवावी, आणि जर्सीवर नाव टाकणाऱ्या दुकानदाराकडून किटऐवजी प्रवासखर्च मागावा. क्लबची संस्था म्हणून नोंदणी झालेली नसेल तर ती करून घ्यावी, कारण क्रीडा कार्यालयाकडे किंवा नगरपालिकेकडे मैदान अथवा मदत मागताना तीच कागदपत्रे विचारली जातात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात, तेथे संघामागे लोकवर्गणी उभी राहते. आपल्याकडे तशी परंपरा नाही, त्यामुळे तेथला हिशेब येथे लागू करू नये. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतर हैदराबाद राज्याच्या नकाशात होता आणि त्याच काळात हैदराबाद सिटी पोलीसचा संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकत होता, पण तो फुटबॉल हैदराबादेतच राहिला, आपल्या जिल्ह्यांपर्यंत त्याची मुळे पोहोचली नाहीत.

शेवटी मानधनावर बाहेरचे खेळाडू आणण्याविषयी. तीन आणू नयेत. संघातल्या मुलांनी वर्गणी भरायची आणि बाहेरच्याने पैसे घेऊन त्यांच्यातल्याच एकाच्या जागेवर खेळायचे, हे पहिल्या वर्षी पचत नाही. ज्याची जागा गेली तो आणि त्याचे दोन मित्र सरावाला येणे बंद करतात, म्हणजे एक आणून तीन घालवले असे होते. आणायचाच असेल तर एक आणावा, आणि तो फॉरवर्ड नसावा. अनुभवी गोलकीपर किंवा बोलका स्टॉपर आणावा, कारण तो स्वतः खेळतोच, शिवाय शेजारच्या चौघांना सामना चालू असताना जागा दाखवत राहतो. त्याची सध्याच्या क्लबकडची नोंद आणि ना-हरकत आधी पाहावी. संभाजीनगरच्या लीगमध्ये ज्याची नोंद आहे तो त्याच वेळी तुमच्याकडून खेळू शकेल असे गृहीत धरू नये. मानधन सामन्यामागे आणि सामन्यानंतर द्यावे, आगाऊ देऊ नये. त्याने आठवड्यातून किमान एका सरावाला यावे आणि परतीच्या फेरीतील सातही सामन्यांच्या तारखा तक्त्यावर स्वतःच्या हाताने भरून द्याव्यात, या दोन अटी घालाव्यात. त्या त्याला मान्य नसतील तर ती रक्कम दूरच्या सामन्यांसाठी दुसऱ्या क्रूझरच्या भाड्याकडे वळवावी. लातूरला तेराऐवजी अठरा जण नेता येतील.